ऊन दाखवणे म्हणजे भाजणे नव्हे

वेल्डिंगचे रॉड वाळवण्याचा आणि जपून ठेवण्याचा खटाटोप मोठ्या कारखान्यांनी करावा, पडवीला जोडून पत्र्याची शेड उभारून चार गावांची किरकोळ कामे करणाऱ्या माणसाला त्याचे काही प्रयोजन नाही, आणि रॉड फारच सादळले तर पत्र्यावर तासभर ऊन दाखवले की ते पुन्हा नव्यासारखे होतात, हे मत आमच्या वारूळवाडी-नारायणगावच्या पंचक्रोशीत इतक्या सहजतेने आणि इतक्या वेळा ऐकू येते की नवशिका मुलगा ते धंद्याचे पहिले कलम म्हणूनच शिकतो. पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागांच्या मांडवाचे अँगल, कांदाचाळींचे सांगाडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि कल्टिव्हेटर यांची दुरुस्ती करणारी जी लहान वर्कशॉपे आहेत, त्यांपैकीच एकात माझे आयुष्य गेले असल्यामुळे या मताला मी परका नाही. किंबहुना अनेक वर्षे मी स्वतः त्याच वहिवाटीने चाललो. म्हणूनच ते मत चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत कारागिराला नव्हे तर त्याच्यावर विसंबलेल्या दुसऱ्याच माणसाला मोजावी लागते, हे सांगण्याची जबाबदारी मला टाळता येत नाही.

प्रतिपक्षाची कैफियत प्रथम प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण ती मांडणारी माणसे अडाणी नाहीत. हाताने कसबी, कष्टाने थोर आणि व्यवहाराने सचोटीची अशीच ती बहुतेक आहेत. त्यांचे म्हणणे पाच मुद्द्यांत सांगता येते: वाडवडिलांनी कधी रॉड वाळवले नाहीत, तरी त्यांची कामे आजही उभी आहेत, वाळवायचेच झाले तर ऊन, किंवा पेटीत लावलेला दिवा, पुरेसा आहे, रॉड चांगला की वाईट हे तो पेटवताच कळते, मग आधीची काळजी कशाला, कारखान्यांचे नियम बॉयलर आणि पूल बांधणाऱ्यांसाठी आहेत, घरगुती कामाला ते लागू नाहीत, आणि शेवटचा मुद्दा असा की हा सारा बंदोबस्त गरीब कारागिराला परवडणारा नाही. या पाचही मुद्द्यांना क्रमाने उत्तर देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि तेवढे तथ्य मी बिनहरकत मान्य करतो. वाडवडिलांच्या हातातील रॉड बहुधा ज्याला आज आपण ६०१३ म्हणतो त्या जातीचा असे. त्याच्या आवरणाचा मुख्य घटक रुटाइल, म्हणजे टायटॅनियमचे ते ऑक्साइड, जे केरळातील चवऱ्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते. या आवरणात थोडा ओलावा गृहीतच धरलेला असतो, आणि त्यातून १०० ग्रॅम वेल्ड धातूमागे २० मिलिलिटरहून अधिक हायड्रोजन उतरत असला तरी खिडकीची जाळी, अंगणाचे फाटक किंवा मांडवाचा अँगल यांसारख्या पातळ आणि अल्प कार्बनच्या मऊ लोखंडात तो काही अपाय न करता निघून जातो. अशा कामासाठी रॉडचा पुडा कोरड्या कपाटात ठेवला तरी पुरते, हे मी कोणालाही लिहून देईन. परंतु ही साक्ष त्या लोखंडाची, त्या जाडीची आणि त्या रॉडची आहे. आज आपल्या दारात येणाऱ्या कामाची ती साक्ष नव्हे. आज ट्रॉलीच्या दांडीला जाड प्लेटा जोडाव्या लागतात, कल्टिव्हेटरचे फण आणि नांगराचे फाळ अधिक कार्बनच्या कणखर पोलादाचे असतात, आणि भंगारातल्या ट्रकचे कमानपाटे कापून त्यांचे हुक आणि टेकू बनवण्याची चाल तर सर्रास आहे. शिवाय वडिलांच्या काळातील जे सांधे टिकले ते आपल्यासमोर आहेत, परंतु जे तुटले त्यांची नोंद कोणत्या दप्तरात आहे? तुटलेल्या सांध्याचा दोष तेव्हाही लोखंडावर, खड्ड्यावर किंवा ड्रायव्हरवर टाकला जात असे, आणि रॉडची चौकशी कोणी करीत नसे.

दुसरा मुद्दा उन्हाचा; आणि माझ्या प्रतिवादाचा मध्यबिंदू येथेच आहे. कठीण पोलादासाठी आपण जो ७०१८ जातीचा, म्हणजे लो हायड्रोजन रॉड आणतो, त्याचे आवरण चुनखडी आणि फ्लोरस्पार यांच्या पुडीचे असून ती पूड तारेवर धरून ठेवण्याचे काम सोडियम किंवा पोटॅशियम सिलिकेट करते. हे सिलिकेट हवेतील बाष्पाचे भुकेले असते. त्याने घेतलेले पाणी दोन प्रकारे राहते: काही नुसते पृष्ठभागाला चिकटून असते, आणि काही आवरणाच्या घटकांशी जखडले जाते. वैशाखातला पत्रा तापून तापून फार तर ७० अंशांच्या आसपास जातो. त्या उष्णतेने पहिल्या प्रकारचे पाणी काहीसे उडते, हाताला रॉड कोरडा लागतो, आणि पाहणाऱ्याची खात्री पटते. दुसऱ्या प्रकारच्या पाण्याला मात्र त्या उन्हाची झळही पोहोचत नाही. ज्यांना हे पुस्तकी वाटत असेल त्यांनी कुंभाराच्या अंगणात उभे राहावे. उन्हात वाळलेले मडके खणखणीत कोरडे दिसते, पण त्यात पाणी भरले की त्याचा पुन्हा चिखल होतो. आव्यातून भाजून निघालेले मडके मात्र पिढीभर पाणी धरते. मातीत जखडलेले पाणी ऊन काढत नाही, आवा काढतो. आणि ७०१८ चे आवरण या बाबतीत मातीचेच भावंड आहे. अमेरिकन वेल्डिंग संहिता या रॉडसाठी २६० ते ४३० अंश सेल्सियसवर किमान २ तास भाजण्याचा हुकूम देते. आपल्याकडील पुड्यांवर उत्पादक आपापले आकडे छापतात, आणि ते आकडे २५० अंशांच्या घरातले किंवा त्याहून वरचे असतात, उन्हाच्या घरातले कधीच नसतात. आणि उन्हाचा भरवसा धरणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा: रॉड सादळतात ते आषाढ-श्रावणात, जेव्हा माळशेज आणि नाणेघाटाकडून ढग उतरून आमच्या शिवारावर आठवडाच्या आठवडा बसून राहतात. ज्या ऋतूत औषधाची गरज, नेमक्या त्याच ऋतूत ते वैद्याच्या घरी नसते.

दिव्याच्या पेटीचा विचार यापासून वेगळा केला पाहिजे, कारण ती निरुपयोगी नाही. तिच्याकडून भलत्या कामाची अपेक्षा केली जाते, एवढीच तक्रार आहे. २५ अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर तीच हवा पेटीत ४० अंशांपर्यंत तापली असता आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली येते. म्हणून कोरड्या रॉडला कोरडे राखण्यासाठी ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा दिवा लावलेली पत्र्याची पेटी, जुने बंद पडलेले फ्रिज किंवा लाकडी खोके ही चांगली तजवीज आहे. परंतु ती राखते, भाजत नाही; एकदा सादळलेला ७०१८ त्या पेटीत महिनाभर ठेवला तरी तो सादळलेलाच राहतो. त्यातच अलीकडे पुष्कळांनी जुना दिवा गेल्यावर त्या जागी एलईडी बसवला आहे, ज्याचा गुणच असा की तो उजेड देतो आणि उष्णता जवळपास देत नाही. म्हणजे त्या पेटीत आता रॉड उजेडात सादळतात. वाळवणे, भाजणे आणि राखणे ही तीन वेगळी कामे आहेत, आणि आमच्या धंद्यातील बहुतेक गैरसमज या तिन्हींना एकच समजण्यातून निपजले आहेत.

याच संदर्भात आणखी एका युक्तीचा निकाल लावला पाहिजे. कित्येक कारागीर सादळलेला रॉड लोखंडाला मुद्दाम चिकटवून ठेवतात आणि तार लाल होऊ लागली की सोडवून वापरतात. तारेतून वाहणारा हा प्रवाह आवरणाला आतून, क्षणात आणि असमान तापवतो. आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडताना आवरणाला तडे जातात, ते ठिकठिकाणी सुटते, मशीनच्या वेटोळ्यांवर विनाकारण भार पडतो, आणि एवढे करूनही भाजण्याला लागणारे तास त्या काही सेकंदांत भरून निघत नाहीत. या युक्तीला औषध म्हणणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला आगीत धरण्यासारखे आहे.

तिसरा मुद्दा, रॉड पेटवताच त्याची परीक्षा होते हा, सर्वांत धोकादायक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. ६०१३ सादळला असेल तर तो स्वतःच सांगतो: ठिणग्या जास्त उडतात, चाप (आर्क) चरचरतो, सांध्यावर थिजलेला स्लॅग नीट सुटत नाही आणि सांध्यात सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात, अनुभवी हात तेथेच थांबतो. ७०१८ मध्ये मात्र ओलावा बेताचा असेल तर तो असे काहीच सांगत नाही. आवरणातील पाणी चापाच्या उष्णतेत फुटते, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात विरघळतो, आणि लोखंड थिजताना त्याला बाहेर पडायला जागा उरली नाही की वेल्डच्या कडेला, जेथे मूळ पोलाद तापून आणि झपाट्याने निवून कडक झालेले असते तेथे, तो जमा होतो. कडक झालेले पोलाद, सांध्यातला ताण आणि हा हायड्रोजन, हे तिघे एकत्र आले की सांधा २०० अंशांच्या खाली निवल्यानंतर, कधी काही तासांनी तर कधी एक-दोन दिवसांनी, आतून चिरतो. पेटवताना जी परीक्षा झाली असे आपण समजतो ती वेल्डच्या पृष्ठभागाची परीक्षा असते, आणि चीर तेव्हा जन्मालाही आलेली नसते.

हे मी ऐकीव म्हणून लिहीत नाही. एका श्रावणात शेजारच्या वाडीतील एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीची दांडी मी ७०१८ ने जोडली. तिला कमानपाट्याचा टेकू होता, आणि रॉडचा पुडा आषाढात फोडून शेडमधल्या फळीवर उघडा पडलेला होता. रॉड मी आदल्या दिवशी उघडीप पाहून पत्र्यावर ठेवले होते. सांधा इतका देखणा उतरला की स्लॅग एका टोकाने धरून पापुद्र्यासारखा निघाला, आणि मी समाधानाने घरी गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस दांडी घेऊन दारात उभा राहिला. "दादा, ट्रॉली अजून जुंपलीबी नाय, मंग ही चीर कशापायी पडली?" असे त्याने विचारले, आणि वेल्डच्या कडेने सरळ रेघ ओढावी तशी गेलेली ती भेग पाहून मला उत्तर सुचले नाही. भार पडलाच नव्हता; खड्ड्याला, लोखंडाला किंवा ड्रायव्हरला दोष देण्याची सोय नव्हती. कसूर माझी होती. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन तो विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या वाटेला लागल्यावर ती चीर उघडली असती, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सादळलेला ७०१८ हा ६०१३ पेक्षा फारसा अधिक वाईट असतो असे नव्हे. त्याच्यावर आपण जो विश्वास टाकतो तो अधिक असतो. आपल्या आयएस ८१४ या मानकातही हायड्रोजन मर्यादित असलेल्या रॉडच्या संकेतापुढे 'एच' हे अक्षर जोडलेले असते, आणि ते अक्षर म्हणजे उत्पादकाने दिलेले एक वचन असते. परंतु ते वचन हवाबंद पुडा फुटेपर्यंतचे आहे. पुडा फुटल्यावर ते वचन पुढे चालवण्याची जबाबदारी आपली असते. कठीण पोलादाचे काम आपण त्या अक्षराच्या भरवशावर हाती घेतो, आणि मग ते अक्षर श्रावणाच्या हवेत पुसून जाऊ देतो.

माझ्या बाजूने बोलणाऱ्या काही मंडळींनाही येथे अडवले पाहिजे, कारण अर्धवट ज्ञानाचा अतिरेकही तितकाच घातक असतो. कोणी मोठ्या कारखान्यात चार वर्षे काढून गावी परततो आणि सगळेच रॉड ३५० अंशांवर भाजण्याचा शिरस्ता पाडू पाहतो. त्या उष्णतेने रुटाइलचे आवरण ठिसूळ होते आणि त्याचा चाप बिघडतो. तो सादळलाच असेल तर १०० ते १५० अंशांच्या दरम्यान तासभर पुरतो. पाइपलाइनच्या कामात वापरला जाणारा ६०१० हा सेल्युलोजच्या आवरणाचा रॉड तर ओलाव्यावरच चालतो. त्याला भट्टीत घालणे म्हणजे तो वाया घालवणे होय. सर्व रॉडना एक नियम नाही, आणि उन्हाचा नियम जसा सर्वांना लागू नाही तसा भट्टीचाही नाही. पुड्यावरचा मजकूर वाचणे हा पहिला नियम, आणि बाकीचे नियम त्यानंतरचे.

आता चौथा मुद्दा, कारखान्यांचे नियम घरगुती कामाला लागू नाहीत हा. मला असे वाटते की सत्य याच्या नेमके उलट आहे. आमच्या गावापासून जवळच खोडदला जी रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे आराखडे करायला आणि त्यांची निगा राखायला अभियंते आहेत. धरणांच्या दरवाज्यांना तपासनीस आहेत. मोठ्या कारखान्यात सांध्याचा क्ष-किरणांनी फोटो काढतात किंवा ध्वनिलहरींनी त्याचे अंतरंग पाहतात, आणि एक माणूस चुकला तर दुसरा त्याची चूक पकडतो. एवढी तपासणी असूनही चुका सुटतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातला किंग स्ट्रीट पूल १९६१ मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि १० जुलै १९६२ च्या थंड सकाळी एक अवजड ट्रक त्यावरून जाताना त्याच्या एका गाळ्याचे पोलादी गर्डर तडकून तो खाली खचला. पुढे चौकशीत निष्पन्न झाले ते असे की वेल्ड करण्यास अवघड अशा उच्च बळाच्या पोलादात वेल्डच्या टोकांशी बारीक चिरा आधीपासून होत्या, आणि तपासणीने त्या पकडल्या नव्हत्या. दोष तेथे एकट्या रॉडचा नव्हता. पण जेथे तपासनीस होते तेथेही चीर लपून राहिली, हा त्याचा धडा आहे. माझ्या शेडमध्ये क्ष-किरण नाहीत, ध्वनिलहरी नाहीत, दुसरी नजर नाही. माझ्या सांध्याची तपासणी करणारी एकच गोष्ट माझ्या हाती आहे, ती म्हणजे सांधा होण्यापूर्वी रॉड कोरडा असल्याची खात्री. ज्याच्यापाशी नंतरची तपासणी नाही त्याने आधीची काळजी दुप्पट घेतली पाहिजे. लहान कारागिराला सूट देणारा न्याय उलटा आहे.

राहिला प्रश्न परवडण्याचा, आणि त्याचा हिशेब मी तपशीलवार देतो, कारण गरिबीचे कारण पुढे आले की पुष्कळांची बुद्धी तेथेच थांबते. पहिली गोष्ट, ७०१८ चा मोठा खोका आणू नये; जेवढे काम तेवढा छोटा पुडा आणावा, आणि त्यावर फोडल्याची तारीख आणि वेळ लिहावी. अमेरिकन संहितेत उघड्या हवेत या रॉडना साधारणपणे ४ तासांची मर्यादा आहे. आमच्या पावसाळ्यात ती ताणून घेऊ नये. दुसरी गोष्ट, ठिबक किंवा पाइपलाइनच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा प्रत्येक शेतकऱ्याच्या कोपऱ्यात पडलेला असतो. ३५० मिलिमीटर लांबीच्या रॉडसाठी ४०० मिलिमीटरचा तुकडा घ्यावा, एका टोकाला कायमची टोपी चिकटवावी, दुसऱ्या टोकाला रबरी वायसर बसवलेली घट्ट फिरकीची टोपी लावावी, आणि आत निळ्या दाण्यांच्या सिलिका जेलची पुरचुंडी टाकावी. दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यायले असे समजावे आणि ते १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा निळे करून घ्यावेत. या नळीला वीज लागत नाही, आणि आमच्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून राखण्याच्या कामी ती दिव्याच्या पेटीहून मला अधिक विश्वासाची वाटते.

भाजण्यासाठी जुना टेबल ओव्हन किंवा जुन्या लोखंडी पेटीत बसवलेली विजेची कॉइल चालते, परंतु तीन अटींवर. तो ओव्हन पुन्हा कधीही अन्नासाठी वापरू नये. त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत तापमापक ठेवून उष्णता पाहावी. आणि पुड्यावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत तो पोहोचत नसेल, तर त्यात भाजल्याचे समाधान मानू नये. रॉड ढिगाने न टाकता एका थरात पसरावेत, थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवावेत, पुड्यावर सांगितलेला वेळ पूर्ण भरू द्यावा, आणि निवताच थेट हवाबंद नळीत घालावेत. एकदा भाजलेला रॉड पुन्हा सादळला तर त्याला वारंवार भाजत बसू नये; अमेरिकन संहिता फक्त एकदाच पुन्हा भाजण्याची परवानगी देते, आणि तेवढी मर्यादा मलाही योग्य वाटते. ज्याच्या तारेला गंज चढला आहे, ज्याचे आवरण सुटले आहे किंवा ज्यावर पांढरी केसाळ पूड आली आहे असा रॉड कोणत्याही भाराच्या सांध्याला वापरू नये. आणि ज्या कारागिराला एवढाही बंदोबस्त करणे खरोखरच अशक्य आहे, त्याने कमानपाट्याचे किंवा फणाचे काम ज्या दिवशी नवा पुडा फोडता येईल त्याच दिवशी घ्यावे, आणि तेही शक्य नसेल तर ते काम स्पष्टपणे नाकारावे. नाकारलेल्या कामात चार पैसे बुडतात, पण त्यात कोणाची ट्रॉली रस्त्यात सुटत नाही.

रॉड कोरडा असला म्हणजे सारे झाले, असे मी म्हणत नाही. ज्या लोखंडावर गंज, रंग, ग्रीस किंवा शेणमाती आहे त्यातूनही हायड्रोजन येतो. जाड आणि कडक पोलाद आधी तापवून घ्यावे लागते आणि नंतर सावकाश निवू द्यावे लागते. परंतु ही सारी काळजी घेऊनही रॉड सादळलेला असेल तर ती वाया जाते, आणि म्हणून कामाची सुरुवात रॉडपासून करावी.

त्या शेतकऱ्याची दांडी मी नंतर मूळ सांधा घासून काढून, लोखंड तापवून आणि भाजलेल्या रॉडने पुन्हा जोडली, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तीन दिवस ती माझ्याच शेडमध्ये ठेवली, रोज सकाळी कडेने बोट फिरवून पाहिली, आणि मगच नेऊ दिली. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्यापाशी आहे. पण ट्रॉली जुंपण्यापूर्वीच पडलेली चीर त्याच्या नशिबाने माझ्या दारात परत आली, प्रत्येक चीर अशी परत येत नाही, हे प्रतिपक्षातील माझ्या बांधवांनी पुढच्या पावसाळ्यात पुडा फोडण्यापूर्वी एकदा आठवावे, एवढीच माझी विनंती आहे.